गाडी तापली की दम तोडते? ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर जुन्या गाडीला किती कामाचा, माझा रिव्ह्यू

पाच पैकी चार स्टार देतोय, आणि एक का कापला ते पुढे लिहिलंय. ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड ओळखण्याची सोय, आणि ती वाचणारी ही वस्तू म्हणजे ते काडेपेटीएवढं छोटं डबडं, ईएलएम३२७ नावाने ऑनलाइन मिळतं, पाचशे-सातशेपासून दीड हजारापर्यंत किंमत, स्टिअरिंगच्या खाली जे सोळा पिनचं सॉकेट असतं त्यात बसवायचं, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचं, पासवर्ड बहुतेक वेळा १२३४ किंवा ००००, आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर सारखं एखादं ॲप टाकलं की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, काय बघतोय ते आपल्याला मोबाईलवर दिसतं. नवीन गाडीवाल्यांना याची फारशी गरज नाही, वॉरंटी आहे, सर्व्हिस सेंटर आहे. हा रिव्ह्यू आपल्यासारख्या दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी प्रेमाने चालवणाऱ्यांसाठी आहे.

माझी गाडी २०११ च्या पासिंगची, पुण्याची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जो फॉल्ट निघाला तो कुठल्याही कंपनीच्या एवढ्या वयाच्या गाडीत निघू शकतो. त्रास असा की सकाळी स्टार्ट केली की एकदम मस्त, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) स्थिर, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून ऑफिसला जाईपर्यंत काही तक्रार नाही. पण तासभर चालून चांगली तापली आणि मग चढ आला, किंवा ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी अर्धा-एक सेकंद विचारात पडायची. गचका नाही, धक्का नाही, नुसतं पाय खाली गेलाय आणि गाडी पुढे येत नाही, मग हळूच उचलायची. खंबाटकीच्या चढावर तर मागे ट्रक असताना हे व्हायचं आणि जीव वर यायचा. चेक इंजिनचा दिवा लागला नाही कधीच. टेंपरेचरचा काटा जागच्या जागी.

आता हे कुठल्याही गॅरेजला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं. प्लग बदला, थ्रॉटल बॉडी क्लीन करा, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या, कचरा आला असेल. एका गॅरेजने हे सगळं केलं, फरक पडला नाही, मग म्हणाले फ्युएल पंप असेंब्ली टाकू, आठ हजारांच्या आसपास खर्च येईल, बघा. त्या गॅरेजचं नाव लिहिणार नाही, माणसं वाईट नाहीत, पण गाडी थंड असतानाच बॉनेट उघडून बघितली, तापलेल्या गाडीला चढावर कुणीच नेलं नाही आणि मोजलं तर काहीच नाही. जो आजार गाडी तापल्यावरच दिसतो तो गाडी तापवूनच बघितला पाहिजे, एवढं माझं ठाम मत आहे. मेकॅनिक टेस्ट ड्राइव्हला यायला तयार नसेल तर त्याला गाडीत हात घालू देऊ नका.

तेव्हा हा स्कॅनर मागवला.

आधी एक गोष्ट समजून घेतली तर या डबड्याचा उपयोग होतो, नाहीतर नुसते आकडे नाचताना दिसतात. गाडी थंड असताना ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, भिंतींना चिकटून राहतं. जुन्या गाड्यांत चोक ओढायचो ना, तेच काम आता कूलंट टेंपरेचर सेन्सर बघून आपोआप होतं. त्यामुळे पेट्रोल थोडं कमी पडत असेल तरी थंडीत ते झाकलं जातं. इंजिन तापत जातं तसं हे जादाचं पेट्रोल बंद होत जातं, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर कामाला लागलेला असतोच, आणि मग ईसीयू बरोबर मापात पेट्रोल सोडायला बघतो. इथे जी काही कमतरता आहे ती उघडी पडते. म्हणून "थंडीत चांगली, तापली की बिघडते" हे वाक्य मेकॅनिकला फार महत्त्वाचं असतं, त्यातच अर्धं निदान असतं.

स्कॅनरवर बघायचे आकडे माझ्या मते पाचच आहेत, बाकी सगळं बाजूला ठेवा. कूलंट टेंपरेचर, इनटेक एअर टेंपरेचर, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज, आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम.

पहिली टेस्ट फुकट आणि पाच मिनिटांची. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी चावी फक्त ऑन करा, स्टार्ट करू नका, आणि कूलंट टेंपरेचर व इनटेक टेंपरेचर बघा. दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत, दोन-चार डिग्री इकडे तिकडे. एक २४ दाखवतोय आणि दुसरा ४५ तर सेन्सर खोटं बोलतोय आणि त्याच्या भरवशावर ईसीयू चुकीचं पेट्रोल सोडतोय. मग गाडी चालवून तापवा, आकडा हळूहळू चढत ८५-९० च्या आसपास जाऊन स्थिरावला पाहिजे. मध्येच एकदम उणे ४० झाला आणि परत आला तर वायर किंवा कपलर (वायरचा प्लगसारखा जोड) लूज आहे, कारण सर्किट तुटलं की तो सेन्सर उणे ४०च दाखवतो, आणि ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडलाय, पेट्रोल ओतायला लागतो. माझ्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. पण बऱ्याच लोकांचा प्रॉब्लेम इथेच सुटेल, सेन्सर फार महाग नसतो.

ऑक्सिजन सेन्सरचं सांगतो. साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये तो सतत वर-खाली करत असतो, वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे हवा जास्त. तापलेल्या गाडीत आयडलला तो वर-खाली नाचत असेल तर बरा आहे, कुठेतरी मध्येच सुस्त पडून राहत असेल तर म्हातारा झालाय. आणि खरी गंमत चढावर. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू ताकदीसाठी मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, म्हणजे सेन्सर ०.८ च्या वर जाऊन थांबायला पाहिजे. तिथे तो खाली पडला तर बहुधा इंजिनला पेट्रोल कमी पडतंय, एक अपवाद आहे तो पुढे येईल.

ट्रिम म्हणजे ईसीयू त्याच्या ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल घालतोय ते. अधिक म्हणजे जास्त घालावं लागतंय, म्हणजे कुठूनतरी हवा जास्त येतेय किंवा पेट्रोल कमी. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सहसा काळजी नको. इथे एक गोष्ट जी इंग्रजी व्हिडिओ बघून आपल्याकडे गोंधळ करते. ते सांगतात व्हॅक्यूम लीक (चिरलेल्या पाइपमधून इंजिनात हवा शिरणं) असेल तर आयडलला ट्रिम भरमसाठ वाढतो आणि रेस दिल्यावर कमी होतो. हे एअर फ्लो सेन्सरवाल्या गाड्यांना बरोबर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये एमएपी सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतलं) प्रेशर मोजतो, त्यामुळे लीकमधून आत आलेली हवासुद्धा त्याच्या मोजमापात येते, ईसीयू तेवढं पेट्रोल देतो आणि ट्रिम फारसा हलतच नाही, फक्त आयडल चढलेला राहतो. त्यामुळे ट्रिम नॉर्मल म्हणून होजपाइप ठीक असं समजू नका, पाइप हाताने वाकवून चिरा बघाव्या लागतात.

आणि ई२०. हे लिहायलाच पाहिजे कारण माझे मित्र ट्रिमचा आकडा बघून घाबरून फोन करतात. २०२५ पासून पंपावर बहुतेक सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. शुद्ध पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे काही बिघाड नसताना, शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने बनवलेल्या जुन्या गाडीत लाँग टर्म ट्रिम अधिक सात-आठ दिसणं साहजिक आहे. अधिक सात बघून इंजेक्टर साफ करायला धावू नका. पण दुसरी बाजूही खरी, ज्या गाडीचा पंप आधीच काठावर आहे तिला आता आणखी जास्त पेट्रोल ढकलावं लागतंय, त्यामुळे जे दुखणं आधी झाकलेलं होतं ते आता वर येतं.

तर माझ्या गाडीकडे. भाच्याला शेजारी बसवला, मोबाईल त्याच्या हातात, कारण गाडी चालवताना स्वतः आकडे बघणं म्हणजे जीवाशी खेळ, कुणी सोबत नसेल तर ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावा आणि घरी येऊन ग्राफ बघा. आयडलला लाँग टर्म अधिक सहा, सेन्सर छान नाचतोय. सपाट रस्त्याला साठच्या स्पीडला अधिक नऊ-दहा. मग कात्रजचा चढ लागला, गाडी तोवर व्यवस्थित तापली होती, थर्ड गिअर, पाय दाबला, गाडी अडली आणि तेवढ्यात भाचा ओरडला, "मामा, पॉइंट एकवर आलं, वर जातच नाहीये!" पाय थोडा सोडला की सेन्सर परत नाचायला लागायचा, दाबला की पॉइंट एक. परत परत तेच. कूलंट ८९ वर स्थिर, आरपीएमची रेघ गुळगुळीत.

या एका ग्राफने किती गोष्टी बाद झाल्या बघा. कूलंट सेन्सर नाही. क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा) नाही, कारण तो गरम होऊन जातो तेव्हा मोबाईलवर आरपीएम क्षणात शून्याला आपटतो आणि गाडी बहुधा बंदच पडते. थ्रॉटल पोझिशन सेन्सर आधीच बघितला होता, चावी ऑन करून पेडल अगदी सावकाश दाबायचं आणि ग्राफवर रेघ कुठे खड्डा न पडता चढतेय का ते बघायचं, तो ठीक होता. राहिला प्रश्न पेट्रोल कमी येण्याचा, आणि तेही फक्त जास्त लागतं तेव्हाच. आमच्या सोसायटीत सकाळी वरच्या मजल्याला जे होतं तेच, एकच नळ चालू असेल तर धार जोरात, सगळ्यांनी सोडले की बारीक. आयडलला इंजिनला पेट्रोल लागतंच किती, म्हणून तिथे काही कळत नव्हतं.

इग्निशन कॉइलचं (प्लगला ठिणगी देणारी) काय, असं कुणीतरी विचारेलच. कॉइल गरम झाल्यावर आतलं इन्सुलेशन सोडते आणि मिस मारायला लागते, म्हणजे ठिणगी चुकते, हा जुन्या गाड्यांचा खरंच कॉमन आजार आहे. आणि मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, त्यामुळे सेन्सर तेव्हाही पेट्रोल कमी आहे असंच दाखवतो, म्हणजे फक्त आकड्यावर विसंबलं तर फसगत होऊ शकते. फरक अंगाला कळतो. कॉइलचा मिस तुटक असतो, गाडी थडथडते, स्टिअरिंगला, सीटला जाणवतं. पेट्रोल कमी पडलं की गाडी मऊपणे ढिली पडते, आवाज बदलतो पण हादरा नसतो. माझी दुसऱ्या प्रकारची होती. आणि ज्यांच्या गाडीला सीएनजी किट आहे त्यांच्याकडे तर फुकटची टेस्ट आहे, गाडी तापवा, त्याच चढावर एकदा सीएनजीवर न्या आणि एकदा पेट्रोलवर. दोन्हीवर अडखळली तर प्लग, कॉइल, सेन्सर याकडे बघा, फक्त पेट्रोलवर अडखळली तर टाकी, पंप, फिल्टर, इंजेक्टर. लोक ही टेस्ट का करत नाहीत मला कळत नाही, एक पैसा लागत नाही.

आता स्कॅनरची हद्द इथे संपली, आणि हाच तो कापलेला एक स्टार. पेट्रोल कमी येतंय हे त्याने दाखवलं, का कमी येतंय हे तो दाखवू शकत नाही, कारण माझ्या गाडीला फ्युएल प्रेशरचा सेन्सरच नाही. कॉमन रेल डिझेलवाल्यांना रेल प्रेशर मोबाईलवर दिसतं, ते सुखी. पेट्रोलवाल्यांना गेज लावावाच लागतो. आणि कृपा करून हे घरी पार्किंगमध्ये करू नका, तापलेल्या इंजिनावर प्रेशरमधलं पेट्रोल उडालं तर आग लागते, गेज असलेल्या माणसाकडेच जा.

मी गेलो ते एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, वयस्कर माणूस, छोटं दुकान, पण गेज आहे, मल्टिमीटर आहे आणि गाडी तापेपर्यंत थांबायची तयारी आहे. मी मोबाईलवरचा ग्राफ दाखवला, त्यांनी तो नीट बघितला, दोन प्रश्न विचारले. टाकी कितीवर चालवता, आणि टाकी कमी असताना त्रास वाढतो का. मी सांगितलं, हो काका, रिझर्व्हला आली की जास्त होतं. तेव्हा त्यांनी समजावलं की पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं, कायम रिझर्व्हवर चालवणाऱ्याचा पंप गरम होऊन लवकर जातो. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका म्हणाले, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

गेज लावला. थंड गाडीला आयडलला तीन बार, म्हणजे या गाडीला पाहिजे तेवढं. अर्धा तास फिरवून आणली, आयडलला थोडं खाली, आणि रेस देऊन धरली की काटा उतरत उतरत दोनच्या आसपास. इथे शंभरातले नव्वद जण म्हणतील पंप गेला, बदला. त्यांनी मागची सीट उचलली, माझ्या गाडीत पंपाचं झाकण सीटखालीच आहे (काही गाड्यांत टाकी उतरवावी लागते), मल्टिमीटर घेतला, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १३.९. मग पंपाच्या कपलरवर मागच्या बाजूने पिना घालून मोजलं. "दादा, पंप बदलू नका अजून. हे बघा, इथे सव्वाअकराच येतंय."

मोबाईलवर मात्र व्होल्टेज १३.८ दिसत होतं, कारण ते ईसीयूला मिळणारं व्होल्टेज आहे, पंपाला काय मिळतंय ते ईसीयूला ठाऊकच नाही. त्यांनी अर्थची बाजू तपासली, तिथे काही पडत नव्हतं. प्लसच्या बाजूला रिलेपासून एकेक जोड बघत आले आणि कपलर उघडला तर आतली एक पिन तपकिरी पडलेली, प्लास्टिक तिच्या भोवती वितळून किंचित फुगलेलं, नखाने दाबलं तर भुगा निघाला. चौदा वर्षांत पिनेचं स्प्रिंग ढिलं झालं, संपर्क कमी झाला, तिथे उष्णता व्हायला लागली, उष्णतेने अजून ढिलं, असं चक्र. थंड असताना ती पिन बऱ्यापैकी करंट सोडते, गाडी तासभर चालली, पिन तापली, रेझिस्टन्स वाढला, पंपाला अडीच व्होल्ट कमी, पंप हळू फिरला, प्रेशर पडलं. आणि नवीन पंप टाकला असता तर? त्याच जळक्या कपलरमध्ये बसवला असता, कदाचित थोडे दिवस बरं वाटलं असतं आणि आठ हजार गेले असते. नवीन कपलर वायरसकट, सोल्डर करून, वर स्लीव्ह टाकून, मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं. नंतर इंजिन चालू ठेवून परत मोजलं, १३.६. बॅटरी आणि पंप यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको असं ते म्हणाले. ही टेस्ट इंजिन चालू असतानाच करायची, लोड नसताना जळक्या पिनेवरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दिसतं, म्हणूनच टेस्ट लॅम्प लावून "सप्लाय येतोय" म्हणणारे फसतात.

त्यानंतर तापलेली गाडी घेऊन परत त्याच चढावर गेलो. पाय दाबला, सेन्सर ०.८५ वर जाऊन बसला आणि गाडी सरळ उचलली. लाँग टर्म ट्रिम अजून अधिक सहा-सातच आहे, तो ई२०चा आहे आणि तो तसाच राहणार.

आता वस्तूबद्दल थोडं, घेणाऱ्यांसाठी. मूळ ईएलएम३२७ ही कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची चिप, तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं म्हणून तिचे क्लोन जगभर पसरले, आणि आपल्याला स्वस्तात मिळतात ते जवळपास सगळे क्लोनच. त्यात वाईट काही नाही, चालतात, पण जुन्या गाडीवाल्याने एक गोष्ट बघायलाच पाहिजे. नव्या गाड्या स्कॅनरशी कॅन बस नावाच्या पद्धतीने बोलतात, सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनेवर. आपल्या वयाच्या बऱ्याच गाड्या के-लाइन नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात, ७ नंबरची पिन. अगदी स्वस्त डबड्यांमध्ये के-लाइनचे भाग गाळलेले असतात, नव्या गाडीला जोडलं तर झटकन चालतं आणि आपल्या गाडीला जोडलं की "कनेक्ट होत नाही" येतं, आपल्याला वाटतं गाडीतच काहीतरी बिघाड आहे. पाकिटावर २.१ लिहिलंय म्हणजे १.५ पेक्षा चांगलं असं अजिबात नाही, उलट जुन्या गाड्यांवर १.५ लिहिलेले बरे चालतात असाच अनुभव सांगितला जातो. के-लाइनवर स्पीडही कमी असतो, एका वेळी तीन-चारच आकडे लावा, दहा लावले तर ग्राफ इतका सावकाश येतो की अर्ध्या सेकंदाचा अडखळा त्यात दिसणारच नाही. आयफोनवाल्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्या, साधा ब्लूटूथवाला फक्त अँड्रॉइडला चालतो.

गाडी कुठल्या सालची आहे ते महत्त्वाचं आहे. बीएस४ (गाडीच्या धुराचे सरकारी निकष) एप्रिल २०१० मध्ये आधी तेरा शहरांत आलं, त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर, बाकी ठिकाणी बरंच नंतर, पूर्ण देशात एप्रिल २०१७ ला. बीएस४ बरोबर ओबीडी १ आलं आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी २. ओबीडी १ मध्ये मुख्यतः सेन्सरचं सर्किट तुटलंय का एवढंच बघितलं जातं, मिसफायर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची झीज वगैरे नाही, म्हणून २०१०-१२ च्या गाड्यांत एवढा त्रास असूनही दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणजे फॉल्ट नाही असं धरून चालू नका, लाइव्ह डेटा बघा. २०१० च्या आधीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत सॉकेट असतं पण त्यावर कंपनीची स्वतःची भाषा असू शकते, तिथे हा स्कॅनर चालेलच असं नाही. आणि कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना याचा काहीच उपयोग नाही, तिथे दुखणंही वेगळं असतं. जुन्या पद्मिनीला घाटात पंपावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही, तो पंप इंजिनलाच लावलेला असायचा, इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढत बसायचा. टाकीतला पंप तीन बारने पेट्रोल ढकलतो तिथे हे सहसा होत नाही, त्यामुळे एमपीएफआय गाडीला कुणी "पेट्रोलची वाफ होते" म्हणून सांगितलं तर आधी प्रेशर मोजायला सांगा.

एबीएस आणि एअरबॅगचे कोड हे साधे ॲप सहसा वाचत नाहीत, त्या अपेक्षेने घेऊ नका. कोड निघाला तर लगेच क्लिअरचं बटण दाबू नका, आधी स्क्रीनशॉट काढा, कारण क्लिअर केलं की बहुतेक गाड्यांत शिकलेला ट्रिमही शून्य होतो आणि मेकॅनिकला बघायला काही उरत नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे खूप आहेत, तो कोड सेन्सर खराब आहे असं म्हणत नाही, पेट्रोल कमी किंवा हवा जास्त एवढंच म्हणतो. आणि काम झालं की डबडं काढून ठेवा, सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा सप्लाय कायम चालू असतो, गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर जुनी बॅटरी उतरू शकते, शिवाय १२३४ पासवर्ड सगळ्यांनाच माहीत आहे.

विकत घेताना रिटर्नची मुदत असलेलाच घ्या आणि त्या मुदतीत स्वतःच्याच गाडीला लावून बघा, मित्राच्या नव्या गाडीवर नाही. कूलंट, ऑक्सिजन सेन्सर आणि दोन्ही ट्रिम आले तर ठेवा, नाही आले तर त्याच दिवशी परत पाठवा आणि दुसरा मागवा.